हौश्याला सांगितलेलं

७ फेब्रुवारी १९७७, हिंगणी

‘स्वगत’ म्हणजे काय ते आज समजलं! बी.ए.ला नेमलेलं जुनं नाटक उघडलं होतं. पात्र मोठ्यानं बोलतं, सगळे प्रेक्षक ऐकतात — आणि शेजारी उभ्या माणसानं मात्र ऐकलंच नाही असं धरायचं! मला हसूच आलं. हे तर आमचं अंगण!

लग्नाला चार वर्षं झाली, मामाजी माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, ही या घरची रीत. काय असेल ते दारातल्या म्हाताऱ्या बैलाला, हौश्याला सांगायचं. “हौश्या, चहात साखर लय झाली बाप्पा!” दुसऱ्या दिवशी मी साखर कमी करते. मागं मला ताप आला तेव्हाही त्यालाच — “हौश्या, आज सुनेले कोनी विहिरीवर धाडाचं नाई.” आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मुकाट्यानं घागर उचलली. तो दिवस मी विसरायची नाही.

१२ फेब्रुवारी

यांचं नागपूरहून पत्र. माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलात, वर्ध्याला. त्यासाठी बाबांना तूच विचार म्हणे! वा रे पठ्ठे! कुणी विचारायचं, यातच दोन वर्षं गेली. अठ्ठावीस तारखेपर्यंत फॉर्म सेलूच्या पोस्टात पडला नाही तर हेही वर्ष गेलं. आत्याबाई म्हणाल्या, “मी नाई बाप्पा मधात पडत.”

१५ फेब्रुवारी

जे तोंडावर बोलता येत नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यासाठीच जुन्या नाटकवाल्यांनी स्वगत ठेवलं असणार. मग मी का नाही? कडबा टाकताना सांगूनच टाकलं. “हौश्या, आठ दिवस परीक्षेले जाऊ का रे? वर्ध्याजवळ नालवाडीले माह्या बहिनीकडं, प्रमिलाताईकडं राहीन. फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस.”

मामाजी ओट्यावर दोर वळत होते. मान वर नाही! हौश्या रवंथ करत राहिला.

१६ फेब्रुवारी

आजही कडबा टाकताना कान ओट्याकडेच.

१८ फेब्रुवारी

आज मामाजी ओट्यावरून — “हौश्या, गहू काढाले आला. घरात मानसं कमी.” झालं! चुलीपाशी बसून रडले. धुरामुळं म्हणायची सोय होती.

दुपारी पुन्हा पुस्तक घेतलं. जुन्या कवितेतली विरहिणी कधी ‘ये’ म्हणत नाही. अंगणातलं, पाखरांचं काहीबाही सांगते. न सांगितलेलं आपण ऐकायचं. मग मामाजी काय बोलले नाहीत? ‘नको’ बोलले नाहीत! अडचण सांगितली फक्त. अडचण सांगितली की मी नकारच समजते — आईचं, यांचं, सगळ्यांचंच. किती जणांवर उगाच रुसले असेन!

१९ फेब्रुवारी

सकाळीच हौश्याला सांगितलं, “पाडव्याच्या आत गहू घरात येते. परीक्षा त्याच्या मांगून हाय.” दोर वळणारे हात थांबले. एवढंच. पण थांबले!

२४ फेब्रुवारी

हौश्या गेला. पोट फुगलं. सेलूहून ढोरांचा डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं. मामाजी जेवले नाहीत. माझाही घास उतरला नाही. आम्हा दोघांचं किती बोलणं त्या मुक्या जिवानं वाहिलं! त्याचे उपकार फेडायचे राहिले.

लिहायला लाज वाटते, पण मनात आलंच — आता कुणाला सांगायचं?

२७ फेब्रुवारी

उद्या शेवटची तारीख. फॉर्म भरून ट्रंकेत ठेवलाय.

२८ फेब्रुवारी

सकाळी अंगण झाडत होते. मामाजी हौश्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी उभे होते. वळले. माझ्याकडे बघितलं.

“पोरी, आज तारीख कोन्ती हाय?”

“अठ्ठावीस, मामाजी.”

“मंग फॉर्म घेजो. सेलूची यष्टी नवाची हाय.”