विमानाला जामीन

१७ जानेवारी १९३८

आज विमानाने माणूस पाडला. म्हणजे बाई. हाजराबी, सरकारी बागेच्या फाटकाशी बोरं विकते ती.

दिवाळीनंतर आमच्या स्वारीने मुंबईहून हे खेळणं मागवलं. कामट्या, पातळ कागद, पुढे पंखा, पोटात रबराचा पीळ. पीळ भरायचा, सोडायचं, टर्रर्र करत वर जातं. हिंगोलीतला नामांकित वकील रोज संध्याकाळी डोक्यावर रुमाल बांधून बागेत विमान सोडतो! गावाला फुकट तमाशा. आज ते लिंबाकडे जायचं सोडून सरळ हाजराबीच्या भुवईवर गेलं. रक्त आलं, टोपली उपडी झाली, बोरं वाटेभर.

"वकीलसाब, दिखता नै क्या तुमकू?" हाजराबी ओरडली.

सगळी बाग हसली म्हणे. हे हसले नाहीत. पांढरेफटक होऊन घरी आले. जेवताना विचारतात, लोणचं वाढलं नाहीस का? लोणचं ताटातच होतं. चित्त कुठे असतं कोण जाणे.

१८ जानेवारी

सकाळीच बागेचे दारोगा लतीफसाहेब ओट्यावर. मी माजघरातून ऐकत होते.

"वकीलसाब, खेल आपका और सर दूसरों के. ऐसा नै चलता. बीमा लाव."

"बीमार? कोण म्हणतं मी बीमार आहे?" हे एकदम अंगावरच गेले.

"बीमा, साब, बीमा! किसी का सर फूटा तो भरपाई कौन देगा? बीमा नै तो जामीन लाव. कोई जिम्मेदार आदमी बाजू में खडा रहे."

आमच्या या राज्यात जामिनाशिवाय पान हलत नाही. आता आभाळात जायलाही जामीन!

बीम्याला एक अक्षर जोडलं की बीमार, विम्याला जोडलं की विमान. यावर साप्ताहिकात माझा पाव कॉलम सहज होईल. पण ते एवढे चिडले का?

२० जानेवारी

पुण्याच्या साप्ताहिकाचा मजकूर पडून आहे. पुरुषाच्या नावाने लिहायचं आणि बाईच्या कामातून वेळ काढायचा. पूर्वी माझं लिहिलेलं आधी हे वाचत. दोन शब्दांवर काट मारत, तिसऱ्यावर हसत. आता म्हणतात, "तूच वाच, मी ऐकतो." आणि ऐकताना डोळे मिटून घेतात.

कंटाळले असतील. मजकुराला नव्हे. मला.

दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. हातात काही टिकेना.

२४ जानेवारी

विम्याचे एजंट व्यंकटराव नांदेडहून आले. ह्यांनीच बोलावलं होतं. कापसाच्या गंजीचा विमा आहे, सरकी काढायच्या जिनाचा आहे, मोटारीचा आहे. खेळण्यातल्या विमानाचा नाही.

"वैनी, कंपनीकडं असलं खातंच न्हाई बघा," मला म्हणाले. "वर जातंय त्याची भीती न्हाई. खाली कुणाच्या टाळक्यात येतंय, ते कुणी सांगावं?"

मग ह्यांच्याकडे वळून, "त्यापेक्षा वकीलसाहेब, सवताचाच उतरवा. डॉक्टर येईल, छाती बघंल, नाडी बघंल, डोळे बघंल, झालं."

हे उठून उभे राहिले. "निघा तुमी."

बिचाऱ्याचा चहा अर्धा राहिला. विमा एजंटाला हाकलणारे पुष्कळ पाहिले. स्वतः बोलावून हाकलणारे हे पहिलेच.

मला मात्र हसू आलं नाही. डॉक्टर म्हटलं की का बिथरतात?

२५ जानेवारी

हाजराबीकडे जाऊन आले. भुवईवर हळद भरलीय, जखम वाळतेय. भांडेल वाटलं होतं. उलट हळूच म्हणाली,

"बाई, एक बात बोलूं? मारे सो मारे. पन वो विमान उठाने आए ना, तो जमीन पे हात फिराते बैठे. सामनेइच पडा था. मैं बोली, वो क्या, वो क्या. तब मिला. कुछ पीते क्या?"

"पीत नाहीत," मी म्हणाले. घरी आले आणि खुंटीवरचा कोट हुंगला. बाह्या, खिसे, अस्तर. कशाचाच वास नाही.

लोकांची उणीदुणी लिहून नाव कमावलं. घरातलं माणूस कळेना.

२८ जानेवारी

ठरवलं. मीच जाते जामीन. बघते तरी बागेत चालतं काय.

लतीफसाहेबांना निरोप धाडला तर स्वतः आले. "बाईसाब, जनानी जामीन?"

"काहून न्हाई? वीस वर्षं बिनकागदी जामीन आहेच मी ह्यांची," मी दाराआडून म्हणाले.

दारोगा खो-खो हसले. अट एकच. माणसं मी बाजूला करायची, वाट मोकळी झाली की 'सोडा' म्हणायचं, त्याआधी पंखा फिरता कामा नये.

ह्यांना सांगितलं. हे विमानाच्या कामट्या चाचपत बसले. मग म्हणाले, "ये. पर जवळ थांब."

३० जानेवारी

हाजराबीला फाटकाबाहेर बसवलं. लोकांना बागेतल्या ओट्यामागे घेतलं. 'सोडा' म्हटलं. सोडलं. लिंबाच्या शेंड्यावरून गेलं, पार वर. हे आभाळाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे कान करून उभे.

"कुठशीक गेलं?"

"दिसत न्हाई का तुम्हाला?" सवयीने बोलून गेले.

"न्हाई," ते म्हणाले. "आधी लिंबापतोर दिसायचं. रोज सोडून बघत व्हतो, किती कमी झालं ते. आता हातातून सुटलं की संपलं."

विमान अजून वरच होतं. मी त्यांचा हात धरला आणि ते कुठे कुठे चाललंय ते सांगत राहिले.