पायपेटीचे वजन

आरमोरी,
१७ जून २०२५

चि. स्वातीस,
स. जयभीम व अ. आ.

रविवारी सकाळी वंदना आटोपून मी बाबांची नाटकात वाजवायची पायपेटी राईस मिलच्या काट्यावर चढवली. बावीस वर्षं त्या काट्यावर मी लोकांचं धान मोजतो, पण घरातली ही वस्तू त्यावर ठेवताना हात धजत नव्हता. चौघांनी मिळून उचलली. अठ्ठ्याहत्तर किलो भरली. मालक बाबूभाई बाजूलाच उभे होते. ते बाबांबद्दल म्हणाले, बापूराव शेवटी पन्नास किलोचे बी नव्हते राहिले आन पेटी पाहा. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

फोनपेक्षा पत्र लिही म्हणालीस ते बरं केलंस. फोनवर तू रडतेस, मी रडतो आणि तेवढ्यात नेटवर्क जातं.

पेटी तुझ्याकडे पाठवायची चौकशी केली ती अशी. पोस्टातले बाबू म्हणतात, वीस किलोच्या वरचं परदेशी पार्सल आम्ही घेत नाही. विमानाने पाठवायचं तर नागपूरचा एजंट सांगतो त्या पैशात दोन नव्या पेट्या येतील. स्वस्तात जायचं तर जहाज. मुंबईच्या बंदरावर एका कंटेनरमध्ये दहा जणांचं सामान भरतात, त्यात आपल्याला कोपरा मिळेल. तिथे वजनापेक्षा जागेचे पैसे लागतात. शिवाय लाकडाला कीड मारायची धुरी दिल्याचा शिक्का हवा. एजंटने हेही विचारलं की पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या तर नाहीत ना. तुझी वहिनी दुर्गा मागून म्हणाली, आमच्या इकडचे हत्ती धान खायले येते, दात द्याले नाई येत म्हणा.

आईची तब्येत ठीक आहे, पण आठवण राहत नाही. बाबा गेले हे सकाळी सांगितलं तर ती रडते, आणि दुपारी पुन्हा विचारते, हे कुठी गेले. म्हणून आम्ही आता सांगणंच सोडलं आहे. रोज ती पेटीवर फडकं फिरवते. पेटी भिंतीशी दिसली की शांत असते.

तू काळजी करू नको. पेटी तुझ्यापर्यंत पोचवायची हे मी मनावर घेतलं आहे.

माया आहे तशी राहू दे.
तुझा भाऊ,
धनपाल


कॉर्क, आयर्लंड,
६ जुलै २०२५

ती. भाऊस,
शि. सा. जयभीम.

पत्र मिळालं. वहिनीचं हत्तीचं उत्तर मी वॉर्डातल्या मुलींना इंग्रजीत सांगितलं, कोणी हसलं नाही. मी एकटीच हसत बसले.

माझ्याबरोबर एक केरळची नर्स आहे. तिच्या आईचं कपाट असंच भागीच्या कंटेनरमधून आलं. ती म्हणते, पेटी उघडून सुटी करा, पाय वेगळे, भाता वेगळा. जागा निम्मी लागते. पैसे मी बाजूला टाकत आले आहे, त्याचा विचार करू नकोस.

एक गंमत सांगते. इथल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये आपल्यासारखीच पायपेटी पडून आहे. उचलून नेईल त्याला फुकट, अशी पाटी लावली आहे. जड म्हणून कोणी नेत नाही. सगळे म्हणतात, तीच घे की. मी जाऊन पाहिली. भात्याला उंदरांनी भोकं पाडलीत, आतल्या सुरांच्या पात्यांना गंज चढलाय. पण ती नवीकोरी असती तरी मला नको होती.

तुला आठवतं, माझे पाय पेटीच्या फळ्यांपर्यंत पोचत नव्हते तेव्हा मी खाली बसून दोन्ही हातांनी भाता मारायची आणि बाबा वर वाजवायचे. मग त्यांनी मलाच वर बसवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी नाटक मंडळाला शब्द दिला होता की यंदाच्या दिवाळीपासून पेटीवर माझी पोरगी बसेल. त्या मंडळात पेटीवर बाई कधी बसली नव्हती, आणि त्यांना ते साऱ्या झाडीपट्टीला दाखवायचं होतं. आणि मी दिवाळीच्या आठ दिवस आधी इकडच्या नोकरीवर निघून आले. तेव्हापासून ते माझ्या फोनवर कधी आले नाहीत. तू म्हणायचास, बाबा बाहेर गेलेत, आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. मीही मग बरं म्हणायची.

म्हणून ते गेले त्या दिवशी तू जे सांगितलंस त्यावर मी आजवर उभी आहे. पेटी स्वातीले द्या. तीनच शब्द, पण मला अकरा वर्षांचं बोलणं मिळाल्यासारखं झालं. पेटी इथे आली की मी ती वाजवीन, आणि त्यांनी मला माफ केलं हे माझ्या हाताला कळेल.

एवढंच नीट लिही. ते बसून बोलले की पडल्या पडल्या? जवळ कोण होतं? आणि ते खरंच स्वाती म्हणाले का? मला तर ते नावाने कधी हाक मारत नसत, नेहमी बाई म्हणायचे.

आईला माझा मुका दे. तुमची आठवण उशाशी घेऊन झोपते.
तुझी,
स्वाती


आरमोरी,
११ ऑगस्ट २०२५

चि. स्वातीस,
स. जयभीम व अ. आ.

उशीर झाला, रागावू नको. माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

वडशाच्या पोचू मिस्त्रीकडे खोका बनवायला टाकला होता. माप बरोबर यावं आणि धुरीचंही तिथूनच जमावं म्हणून मी पेटीच गाडीत घालून नेली. तीन दिवस ती त्याच्याकडे होती. ही पेटी घराबाहेर निघाली याचा आपल्या घरात काय अर्थ होतो, हे मला सुचलं नाही. छत्तीस वर्षं आईने काय पाहिलं? पेटी गाडीत चढली की बाबा नाटकाला गेले. पेटी दारात उतरली की बाबा आले. दुसरं तिला काही सांगावंच लागत नसे.

मी पेटी नेत असताना ती कुरकुरली, ऐन धानाच्या रोवणीत कोनं नाटक ठेवलं म्हणून. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीचा वास आला म्हणून उठलो. आईने पाण्याचा हंडा चढवला होता आणि ती उंबऱ्यावर बसली होती. नाटकाहून येतात, पाय सुजून असतात, ऊन पाणी लागते त्याईले, म्हणाली. दुर्गाने आत चला म्हटलं तर तिलाच विचारलं, तुले काऊन घाई हाय. पाऊस येत होता. नऊ वाजेपर्यंत बसली. पाणी निवलं की पुन्हा तापवायची.

तिसऱ्या दिवशीही तेच. त्या सकाळी तिला ताप होता, तरी उठली. मी मिलमध्ये रजा सांगितली, वडशाला गेलो आणि पेटी परत आणली. आई दारातच होती. पेटी उतरताना पाहिली आणि म्हणाली, आले ना. मग आत जाऊन निजली. ते कुठे आहेत हे तिने विचारलं नाही. पेटी आली होती.

ताप उतरला आहे. खोका तयार आहे, तो पोचूकडेच ठेवला. तू म्हणशील तेव्हा पेटी निघेल, मी शब्द फिरवणार नाही. फक्त तुला हे माहीत असावं.

तू विचारलेल्या गोष्टींचं पुढच्या पत्रात लिहितो. सध्या वर्षावास चालू आहे, विहारात ग्रंथवाचन माझ्याकडे आहे, वेळ मिळत नाही.

आमच्यावरचं मन काढू नकोस.
तुझा भाऊ,
धनपाल


कॉर्क,
३० ऑगस्ट २०२५

ती. भाऊस,
शि. सा. जयभीम.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले.

पेटी पाठवू नकोस. मी कंटेनरवाल्याला नको म्हणून कळवलं. आईने पहाटे उंबऱ्यावर बसावं आणि मी इथे पेटी वाजवावी, असं मला व्हायचं नाही.

पण भाऊ, माझ्या प्रश्नांना तू बगल दिलीस. वेळ नाही म्हणतोस, आणि बाकीचं सगळं पानभर लिहितोस. तुला राग आला का? मी खोदून विचारलं ते संशयाने नाही. मला ते चित्र डोळ्यासमोर हवं होतं. मी दवाखान्यात परक्यांच्या उशाशी बसते, त्यांचं शेवटचं बोलणं लिहून त्यांच्या मुलांना देते. माझ्या बापाचं मला कोणी लिहून दिलं नाही.

म्हणून आता पेटीऐवजी एवढंच पाठव. एका कागदावर लिही, बाबा असं म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं. खाली सही कर. तू काट्यावरचा माणूस, तुझ्या वजनावर आरमोरीत कोणी वाद घालत नाही. तो कागद मी फ्रेम करून लावीन आणि पेटीचं नाव पुन्हा काढणार नाही. अठ्ठ्याहत्तर किलोऐवजी एक पाकीट, यापेक्षा स्वस्त काय असणार.

आईला जप. तुझ्या पत्राच्या वाटेवर आहे.
तुझी,
स्वाती


आरमोरी,
८ ऑक्टोबर २०२५

चि. स्वातीस,
स. जयभीम व अ. आ.

तू मागितलेला कागद मी चार वेळा लिहायला घेतला. सही करेपर्यंत यायचो आणि थांबायचो. त्या एका ओळीत आईची पेटी घरी राहत होती, तुझं मन राहत होतं, आणि माझी लाजही राहत होती. ती लिहिली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं असं वाटे. पण वर्षावासाचे तीन महिने मी रोज विहारात पंचशील म्हणवून घेतो, आणि चौथ्या शीलापाशी, जिथे खोटं न बोलण्याचं येतं, माझा आवाज अडकतो. लोकांना वाटतं घसा बसला. काल वर्षावास संपला. आज लिहितो.

बाबा तसं म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत. झटका आला त्याच वेळी त्यांची वाचा गेली होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात पाच दिवस होते, एक शब्द निघाला नाही. चौथ्या दिवशी मी कानाशी जाऊन विचारलं, स्वातीले काही सांगाचं हाय काय. त्यांनी डोळे मिटले. ऐकून मिटले की झोपेने, मला कळलं नाही, आणि कळलं असं मी आता म्हणणार नाही. त्यांचा उजवा पाय मात्र चादरीखाली वर-खाली होत होता, सारखा, भाता मारावा तसा. पाहिलं ते लिहिलं. त्यात तुझ्यासाठी काही होतं का, ते मी सांगू शकत नाही.

ते गेले त्या दिवशी फोनवर तू एकच विचारत होतीस, माझं नाव काढलं का. आणि माझ्या तोंडून ते तीन शब्द गेले. बाबा बाहेर गेलेत असं अकरा वर्षं सांगायची सवय होतीच. बाई म्हणायचं मला सुचलं नाही, ते तू बरोबर पकडलंस. रोज दुसऱ्यांचं धान ग्रामपर्यंत खरं मोजणाऱ्या माणसाने घरच्या माणसाला हे दिलं. माफी मागतो, पण तू लगेच देऊ नकोस.

तेव्हा बाबांनी तुला पेटी दिलेली नाही. आता थोरला म्हणून मी माझ्या हाताने देतो, जेवढी देता येते तेवढी. मागच्या आठवड्यात मी पेटी उघडली आणि सूर बाहेर काढले. बाबा दर पावसाळ्यानंतर ते पुसायचे आणि दिवा मला धरायला लावायचे, म्हणून हात चालला. दोन ओळींचे मिळून एकशे बावीस पितळी सूर आहेत. प्रत्येकावर बाबांच्या हातचा आकडा कोरलेला आहे. एकेक कागदात गुंडाळून डब्यात भरले. त्या चर्चमधली उचलून नेईल त्याला फुकट असलेली पेटी तू आता घरी आण. भाता नवा लाव, तिचे सूर काढ आणि हे बसव. सूर बसतात ती घरं थोडी घासावी लागतील. तिकडेही कोणी सुतार असेलच.

लाकूड, पट्ट्या, भाता हे सगळं आईकडे, भिंतीशी जसं होतं तसं आहे. तिला काही कळणार नाही असं मला वाटलं होतं. परवा फडकं फिरवताना तिचा पाय खालच्या फळीवर पडला. आवाज आला नाही, नुसता वारा आला, मोठा श्वास सोडावा तसा. मी दारात उभा होतो. तिने पेटीवर हात ठेवला आणि मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, निजले हायेत, थकले आता, उठवू नको त्याईले. तेव्हापासून ती पेटीजवळ हळू चालते. दुर्गालाही भांडी वाजवू देत नाही. पहाटे पाणी तापवत नाही.

आज सकाळी डबा आधी काट्यावर ठेवला. पाच किलो दोनशे. बाबूभाईंनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा सांगितला.

आता पोस्टातल्या बाकावर बसलो आहे. हे पत्र वेगळं पाठवणार होतो, पण सूर आधी पोचले असते तर ते बाबांनीच दिले असं तू समजली असतीस. म्हणून पत्र डब्यातच, सगळ्यात वर ठेवतो. हे वाचल्याशिवाय तुझा हात सुरांना लागायचा नाही. वाचून डबा परत करावासा वाटला तर कर, मी उतरवून घेईन.

डब्यावर कापड शिवायला सुईदोरा आणला आहे. पोस्टातले बाबू म्हणतात, चला, टपालाची गाडी यायची वेळ झाली.

पत्र ठेवतो. शिवतो.
तुझा भाऊ,
धनपाल