आकाशी रंगाच्या पाट्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज भिंतीवरच्या घड्याळालाही रंग दिला — काचेसकट! आता किती का वाजेनात, आकाशी रंगात वाजतात.

डेपोला शंभर वर्षं पूर्ण होतायत. म्हणून साहेबांनी रंगाऱ्याला मोकाट सोडलंय. जे हलत नाही ते रंगवायचं, असा हुकूम. माझा लेथ हलत नाही, त्यामुळे रंगाऱ्याची माणसं बादल्या घेऊन हजर! रेल्वेगाड्यांची झिजलेली चाकं या लेथवर चढवायची आणि पुन्हा गोल करून द्यायची, एवढंच मी इतकी वर्षं करत आले. म्हटलं, "एक थेंब जरी इथे सांडला ना, तर चाकाच्या जागी तुम्हालाच चढवीन." हसले मेले. पण गेले.

दुपारी साहेब नेहमीप्रमाणे लेथपाशी उभ्या उभ्या जेवले. केबिन आहे, एसी आहे, तरी इथेच येतात. नोकरीला लागले तेव्हा पहिलं वर्ष याच लेथवर काढलं म्हणे. चाक काही त्यांना कधी गोल जमलं नाही. म्हणूनच साहेब झाले असावेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

छप्पर गळतंय त्याचं काय, असं विचारलं. साहेब म्हणाले, "आत्ता फक्त फोटोत येतं तेवढंच."

९ फेब्रुवारी, सोमवार

फाटकावर हा भला मोठा फलक लागला. "शंभर वर्षांचा वारसा, उज्ज्वल भविष्य!" वारसा कळला. भविष्य काय ते कोणालाच माहीत नाही. रेल्वेचे अध्यक्ष येणार आणि समारंभात जाहीर करणार.

साहेबांचा शिपाई म्हणतो, नवी शेड मिळणार. सावकाश म्हणतो, डेपोच बंद करणार. (सावकाश म्हणजे आमचा शंटिंगचा, डबे इकडेतिकडे ढकलणाऱ्या इंजिनचा ड्रायव्हर. इंजिन असं चालवतो की शेजारून चालणारा माणूस पुढे जातो. खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल.)

मी म्हटलं, "बंद करायच्या घराला कोणी रंग देतं का रे?"

"विकायच्या घराला देतात की!"

दिवसभर कामात लक्ष नाही.

माझी बदली झाली तर मी जाईन हो कुठेही. आईचं काय? तिची नजर जाऊन किती वर्षं झाली. पण डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या या क्वार्टरमध्ये ती नुसत्या हातांनी वावरते. मोरीचा उंबरा, कपाटाचा कोपरा, चहाचं भांडं — सगळं तिच्या बोटांना पाठ. भोंगा झाला की उठते, भोंगा झाला की जेवते. परवा मीच खुर्ची जरा सरकवली, तर माझ्यावर केवढी कडाडली! दुसऱ्या घरी नेली तर ही बाई एका जागी बसून राहील. आणि बसली की संपली. मला भीती वाटते ती याचीच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मात्र कळस झाला. आमच्या पाट्या रंगवल्या!

लाल रंग फोटोत भडक दिसतो म्हणे. "काहीतरी धोका असल्यासारखं वाटतं," असं साहेब म्हणाले. अहो, धोका असतो म्हणूनच ती लाल असते! कोणीही डब्याखाली शिरला, मशीनमध्ये हात घातला, की आधी आपली लाल पाटी तिथे अडकवायची, आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. पाटी आहे तोवर ते चाक हलणार नाही. काढायची ती ज्याची त्यानेच. कुलूप कापायचं झालं तरी मालक समोर उभा पाहिजे. इथे बाकी सगळे नियम वाकतात, हा एक वाकत नाही.

आता सगळ्या पाट्या आकाशी. आमचे नंबरसुद्धा रंगाखाली गेले.

आईला सांगितलं तर तिला हसूच आवरेना. मग बाबांची गोष्ट निघाली. तेही याच डेपोत होते. एकदा तापाने फणफणून घरी आले, पांघरूण घेतलं, आणि ताडकन उठून बसले. पाटी डब्यालाच राहिली होती! गाडी खोळंबलेली, लोक खिडक्यांतून ओरडतायत, साहेब लोक हात चोळत उभे. पण पाटीला कोणी हात लावला नव्हता. "लुंगीवरच पळाले गं. आख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फोटोवाला आला. समारंभासाठी एक जुना डबा घासूनपुसून नवरदेवासारखा सजवलाय. अध्यक्षांना त्यात बसवून सावकाश फीत तोडत शेडबाहेर नेणार. त्या डब्याशेजारी साहेबांनी हेल्मेट घातलं (उलटं), हातात नवी कोरी पाटी आणि कुलूप घेतलं. "सुरक्षा प्रथम." पाटी लावताना एक फोटो, हसताना एक, गंभीर एक. आम्हाला मागे उभं केलं होतं, पण आम्ही फोटोत येणार नाही असं नंतर कळलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. झोप नीट लागेल असं वाटत नाही. आईने विचारलं, "उद्या काय सांगणार आहेत गं?" म्हटलं, नवी शेड देणार आहेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हसावं की रडावं! दोन्ही झालं आज, त्याच क्रमाने.

अध्यक्ष डब्यात बसले. बँड सुरू झाला. सावकाशने शिट्टी दिली. आणि इंजिन काही हलेना. साहेब धावत गेले, "अहो, चला ना!"

सावकाशने डोकं बाहेर काढलं. "पाटी आहे, साहेब."

चाकापाशी खरंच पाटी! डब्याच्याच आकाशी रंगात रंगलेली, म्हणून सकाळपासून कोणाच्या नजरेत आली नाही. नंबर नाही. कोणाची? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. खाली वाकून पाहिलं, डब्याखाली चिटपाखरू नव्हतं. मग काय, रांग लागली! एकेकाने पुढे व्हायचं, आपली किल्ली त्या कुलपात घालून बघायची, आणि मान हलवत मागे फिरायचं. पाहुणे बघतायत. बँडवाल्यांचं तेच गाणं संपून पुन्हा सुरू. मीही माझी किल्ली लावली. नाही लागली.

अध्यक्ष खिडकीतून म्हणाले, "कापून टाका ना ते!"

"मालक समोर आल्याशिवाय कापत नाही," सावकाश म्हणाला. अध्यक्षांना! वर शांतपणे तंबाखू मळत.

साहेब ओरडत होते, "कोणाची आहे ही पाटी? कोण हा बेजबाबदार माणूस?" तेवढ्यात शिपाई त्यांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोटोच्या दिवशी लावलेली पाटी — लावली, हसले, कुलूप घातलं, आणि गेले!

"किल्ली?" आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं.

"दुसऱ्या पँटीत."

आता मालक समोर होता, म्हणून कटर आणला. तर त्याचे दोन्ही जबडे आकाशी रंगाने चिकटलेले! माझ्या तर पोटात दुखायला लागलं हसून. शिपाई सायकलवर किल्ली आणायला पळाला. अध्यक्ष कंटाळून खाली उतरले आणि न हललेल्या डब्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी भाषण सुरू केलं.

आणि तिथे हसू संपलं.

डेपो बंद. असं म्हणाले नाहीत अर्थात. म्हणाले, "या वास्तूचं आता अनुभव केंद्र होईल." म्हणजे लोक येणार, जुन्या डब्यात बसून कॉफी पिणार, आणि काचेआडून आमची हत्यारं बघणार. काम सगळं नव्या डेपोत, रात्रभराच्या प्रवासावर. "आधी हा ऐतिहासिक लेथ तिकडे हलवू. तो एकदा हलला की बाकी सगळं आपोआप हलेल." आम्हाला "सामावून घेतलं जाईल". क्वार्टर्स पाडून तिथे पार्किंग.

पार्किंग! आईच्या मोरीवर!

साहेबांकडे बघितलं. हातात टाळी तशीच अर्धवट राहिलेली. त्यांनाही तेव्हाच कळत होतं. क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं की फलक त्यांनीच लावलाय, आणि राग आला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आईला खरं सांगितलं. मला रडूच फुटलं, तिला काही नाही. भिंतीवरून हात फिरवत बसली होती. मग म्हणाली, "ते लेथचं एवढं मोठं धूड हलवणार कसं?"

"क्रेन येईल. दोन तारखेला."

"आणि त्याच्यावर पाटी असली तर?"

"पाटी कशाला असेल? लेथ ठीक आहे, आई."

"तुझे बाबा नुसतं तेलपाणी करतानाही लावायचे," असं म्हणून ती चहा टाकायला गेली. मी बसूनच राहिले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कोणी काही ठरवलं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापली पाटी खरवडत बसले होते. खालचा लाल रंग पुन्हा वर आला, नंबर आला. मीही माझी खरवडली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. सावकाश तेवढा म्हणाला, "रजा शिल्लक आहे का गं तुझी?"

भरपूर आहे.

साहेब लेथपाशी जेवायला आले. डबा उघडला आणि तसाच बंद केला. "तुम्हाला आईला घेऊन जावं लागेल ना?" असं विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला बरं, साहेब. तुम्हाला तिकडेही केबिन मिळेल." त्यांनी मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला तिकडे कशालाच पाठवत नाहीयेत."

१ मार्च, रविवार

उद्या सकाळी लवकर जायचं. पाटी पिशवीत ठेवली. आणि माझी एकटीचीच निघाली तर? साहेबांनी तिथल्या तिथे उभं करून कुलूप कापलं तर?

२ मार्च, सोमवार

लेथवर पाटी लावायला जागाच नव्हती! माझी कशीबशी अडकवली. वेल्डरची, फिटर लोकांची, सावकाशची — सगळ्या लाल. आणि मुख्य स्विचवर, सगळ्यांच्या आधी लावलेली, एक आकाशी.

क्रेनवाले आले. तेही रेल्वेचेच. पाट्या बघितल्या, चहा प्यायले, क्रेन घेऊन परत गेले.

शिपायाला विचारलं, साहेब कुठेत?

"लांबच्या रजेवर गेले. कोणी विचारलं तर सांग म्हणाले, किल्ली दुसऱ्या पँटीत राहिलीय."