अर्धा सूर खाली

अण्णा, तुम्ही माझे बाप आणि बँडचे मालकही, त्यामुळे माझा गुन्हा दुप्पट मोठा. चिकपेट बाजारातल्या घरच्या कापडदुकानात बसायचं सोडून तुम्ही गिटार धरलीत. आधी लांब केस आणि इंग्रजी रॉक, मग लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कन्नड सिनेमाची गाणी, मग हॉटेलात कोट घालून संथ काहीतरी. काका दर वेळी विचारायचे, “आता कुठला नवा अवतार?” नव्वदच्या दशकात तुम्ही पुन्हा जीन्स चढवलीत, स्वतःची गाणी लिहिलीत आणि मला बेस गिटार वाजवायला घेतलंत. पन्नाशी उलटलेली, पण काय ऐट होती हो तुमची!

गळा मात्र थकला होता. वरचा सूर लागेना. म्हणून कार्यक्रमाआधी मी सगळ्या गिटारी अर्धा सूर खाली लावायचे, तुमचीसुद्धा. बोटं नेहमीच्याच जागी पडायची, गाणं तेवढं खाली उतरायचं आणि तुम्ही सुखाने गायचात. तुम्हाला कुणी सांगायचं नाही, असं आम्हा सगळ्यांचं ठरलेलं.

मग एका तालमीत मी स्वतः रचलेलं गाणं म्हणून दाखवलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “तुझा गळा कोरसपुरता बरा आहे गं. तू आपली बेस वाजव, सरी? ठीक आहे ना?” सगळे हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, कळू दे एकदा यांचा गळा कितपत बरा आहे ते.

कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम आहे. मी स्टेजमागे बसलेय, मांडीवर तुमची गिटार. एकेक खुंटी पिळून तार मूळ सुरात नेते. मग बाकीच्या गिटारीही. वाजवणाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत गाणी सुरू झालेली. तिसऱ्या गाण्यात ती वरची ओळ येते, तुम्ही मान उंचावता आणि आवाज चिरकतो. पोरं शिट्ट्या मारतात. तुम्ही माइकपासून सरकून माझ्याकडे बघता, मी खाली बघते. शी! आजही आठवलं की माझी मलाच किळस येते.

खाली उतरल्यावर ड्रमवाला माझ्यावर खेकसला, “अक्का, हे काय केलंस?” तुम्ही मध्ये पडलात. “माझाच गळा बसलाय. तिला कशाला बोलतोस?”

पुढच्या रविवारी तालमीला तुम्ही गिटार माझ्या मांडीवर ठेवलीत. “स्वल्प खाली लाव. नेहमीसारखी.”

नेहमीसारखी! म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “त्या दिवशी विसरले, अण्णा.” तुम्ही “सरी” म्हणालात आणि चहा मागवलात.

हे पत्र तुमच्या गिटारीच्या पेटीत ठेवतेय, तुम्ही गेलात, आता दुसरीकडे कुठे टाकणार? विसरले नव्हते, अण्णा.