वाटून टाकलेली रोपं

१२ मार्च

प्रिय मुळ्या,

तू बरा असशील. असं नुसतं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. गुडघा अजून कुरकुरतो का? माझे दोन्ही कुरकुरतात. तू पन्नाशी ओलांडलीस तरी मी तुला मुळ्याच म्हणणार. मूळ फुटलंय का बघायला रोज रोप उपटणारा पोरगा पुढे रोपवाटिकेचा प्रमुख झाला, याची मला अजून गंमत वाटते.

बाग ठीक चाललीय. 'हात लावू नका', 'गवतावर चालू नका' अशा पाट्या तुला आठवत असतील. त्यातल्या निम्म्या मी काढून टाकल्या. दाराशीच सुवासिक पानांचा वाफा केलाय आणि तिथे लिहिलंय, 'पान चुरगळून वास घ्या.' पहिल्याच आठवड्यात लोकांनी वाफा बोडका केला! माळीबुवा इतके चिडले की एरवी बाई म्हणणारा माणूस दोन दिवस मला 'मॅडम' म्हणत होता. आता तसे तीन वाफे आहेत, ते पाळीपाळीने उघडतो. समोरच्या दवाखान्यातल्या नर्स जेवणाच्या सुट्टीत येऊन बसतात. अंध मुलांच्या शाळेची बस दर गुरुवारी येते.

बाग लोकांची आहे, हे तू बैठकीत ओरडून सांगायचास आणि मी टेबलाखालून तुला लाथ मारायचे. आता तेच मी सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात.

पण वाफ्यांची हकिगत सांगायला मी अकरा वर्षांनी पत्र लिहीत नाहीये, हे तू ओळखलं असशीलच.

गेल्या मंगळवारी एक आजी कार्यालयात आल्या. डब्यात ओल्या रुमालात गुंडाळलेलं फूल घेऊन. म्हणाल्या, "तुमच्या बागेने वीस वर्षांपूर्वी रोपं वाटली होती ना, त्यातलं एक माझ्याकडे आहे. भिंतीच्या सावलीत अडकलं, त्याला आत्ता कुठे फुलायचं सुचलं. तुम्ही पांढरं फूल येईल म्हणाला होतात. हे बघा काय आलं! तक्रार नाही हो, मला फक्त नाव हवंय."

फूल पिवळं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग स्वतःच बसले. 

आता सांगतेच. इतकी वर्षं जीभ रेटली नाही.

रोपं वाटण्याच्या दिवशी तुझ्या रोपवाटिकेत दोन ट्रे शेजारी होते. एकात परदेशी बागेने भेट दिलेली दुर्मिळ पिवळ्या फुलांची रोपं, दुसऱ्यात लोकांना द्यायची साधी पांढरी. पानं दोन्हींची सारखीच, फरक कळणार तो फुलावर. तुझा दंडक होता, नावाची पट्टी एक काढायची, पुसायची, तिथेच खोचायची, मग दुसरीला हात लावायचा. त्या सकाळी तू कुंड्या आणायला गेला होतास. पाहुणे यायचे होते आणि पट्ट्यांवर शेवाळ चढलेलं. मला राहवेना. मी सगळ्या पट्ट्या एकदम उपटल्या, बादलीत धुतल्या आणि आठवेल तशा परत खोचल्या. आठवेल तशा!

नवव्या वर्षी बागेच्या चौकात दुर्मिळ म्हणून लावलेलं झाड फुललं, पांढरं. चौकशी समितीने ठरवलं की तू दुर्मिळ रोपं मारलीस आणि साधी लावून ते झाकलंस. तू म्हणत राहिलास, "माझं एकही रोप मेलेलं नाही." मी समोर बसले होते. मला बादली आठवत होती. त्याच महिन्यात मला अधीक्षक करायचं चाललं होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. तू राजीनामा दिलास, मी खुर्चीवर बसले. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

आजींना मी तिथेच खरं सांगितलं. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलं ते त्यांच्यापुढे. दुसऱ्या दिवशी बागेच्या समितीला लेखी जबाब दिला आणि सोबत राजीनामा. अध्यक्षांनी राजीनामा परत केला. "चार महिन्यांत निवृत्त होताय, आता कशाला?" म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. जबाब मात्र तुझ्या फाईलला लावून घेतलाय, त्याची प्रत सोबत आहे.

मग आम्ही दारावर सूचना लावली, त्या दिवशी रोप नेलेल्यांनी कळवावं. आतापर्यंत चौदा जण आले. शिंपी, निवृत्त शिक्षक, एक बाई तर गच्चीवरच्या पिंपात वाढवलेल्या झाडाचा फोटो घेऊन. बहुतेकांची झाडं कधीच फुललीत, पण फुकटच्या फुलाचा रंग कोण तपासतो? मुळ्या, सगळी जगलीत रे. तुझी रोपं गावभर जगलीत. प्रत्येकाला मी दारात उभी राहून सांगते, चूक माझी होती आणि रोपं माझ्या भावाने वाढवली होती.

राहिली आई. शेवटच्या आजारात म्हणायची, "धाकटा असा खोटं वागेल असं वाटलं नव्हतं." मी तिचे पाय चेपत ऐकत होते. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही, आणि त्याची भरपाई आता कुठल्याच फाईलमध्ये होत नाही.

क्षमा कर असं कोणत्या तोंडाने म्हणू? तू येऊन ती झाडं बघावीस, एवढं वाटतं. मी समोर नको असेन तर सांग, त्या दिवशी बागेत फिरकणार नाही. माळीबुवा तुला घरोघर नेतील.

तू खोटारडा नाहीस, हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली,

तुझी ताई