खडकाचं नाव

टर्की बोअर
३ ऑगस्ट १९९२

ती. वहिनींस,
धाकट्या दिराचा सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. दादा गेला आणि तुम्ही मलगा टँकला विधवा बायकांच्या तळावर राहायला गेलात, तेव्हाच लिहायला हवं होतं. कागद काढायचो आणि परत ठेवायचो. नको तो शब्द हातून उमटला तर काय, ही धास्ती. तुम्हाला माहीतच आहे, मिशनच्या शाळेतून मी पळून आलेला. शिकला तो दादा. फोन करावा म्हटलं तर तुमचं विधवेचं मौन चालू, रडणं पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. तुम्ही हातांनी बोलणार, आणि दुकानातल्या फोनमधून मला तुमचे हात कसे दिसणार?

इथे सगळे बरे आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. माझे गुडघे सकाळी ऐकत नाहीत. तुमची नात लोरेटा पोटुशी आहे, दिसते चांगली, पण सारखी उन्हात हिंडते आणि मी बोललो की हसते. तुमचं घर बंद आहे, त्या बाजूला कोणी जात नाही. दादाचं नाव आपल्यापैकी कोणी तोंडातून काढत नाही. गोऱ्यांच्या कागदावर त्याचं जे दुसरं नाव होतं, तेही नाही. त्या नावाची जेवढी माणसं होती ती सगळी आता कुमंजाई, म्हणजे बिननावाची. पेट्रोल पंपावरच्या स्टावरोसच्या कुत्र्याचं नावही तेच निघालं, तर पोरं त्यालाही कुमंजाई म्हणून हाक मारतात. स्टावरोस चिडतो. कुत्रा मात्र येतो.

आता काळजीचं लिहितो. दादा ज्या खडकापाशी जन्मला, ज्या जागेचं नाव आजोबांनी त्याला दिलं, तो खडक फोडायचं चाललंय. जमीन सरकारी आहे, गुरं हाकायच्या जुन्या वाटेची. हमरस्ता रुंद करायला खडी हवी आहे, आणि ती आपल्या पाण्याच्या कुंडाच्या वरच्या अंगाने काढणार. झुडपांना गुलाबी फिती बांधून गेलेत. आपल्या पूर्वजांनी काढलेल्या चित्रांची कपार त्या फितींच्या आत येते.

जुन्या जागांच्या खात्याची एक पोरगी आली होती, डेलिया नावाची, दक्षिणेकडची, मोठी टोपी घातलेली. तिने मला विचारलं की आजोबा, या जागेचं नाव काय? मी काय सांगणार? मी म्हटलं, कुमंजाई. तिने ते जपून लिहून घेतलं, मला दोनदा म्हणायला लावलं आणि आभार मानून गेली. मला वाटलं, समजली.

आता खात्याचं उत्तर आलंय. कुमंजाई नावाची जागा त्यांच्याकडे आधीच नोंदलेली आहे म्हणे. ती पार उत्तरेला आहे, तिला कुंपणही घातलंय. तेव्हा टर्की बोअरच्या म्हाताऱ्याने काळजी करू नये, त्याची जागा सुरक्षित आहे. वहिनी, तिथेही कोणीतरी मेलं असणार आणि कोणीतरी माझ्यासारखंच उत्तर दिलं असणार! मी फोन केला की ती जागा ही नव्हे. त्यांनी विचारलं, मग हिचं खरं नाव सांगा. मी फोन कानाला लावून नुसता उभा राहिलो.

महिनाअखेर त्यांची मंडळी खडकापाशी येऊन ऐकणार आहेत. जागेचं नाव आणि तिची गोष्ट तिथल्याच माणसाच्या तोंडून टेपवर हवी, तरच कायदा लागतो म्हणतात. आपल्या गोष्टीत तर वळणावळणाला ते नाव येतं. नाव बंद तर गोष्ट बंद. नाव मोकळं करणं तुमच्या हातात आहे. वेळेआधी मागतोय, लाज वाटते. पण मागतो.

आहे तो लोभ उन्हाने आटू देऊ नये, ही विनंती.
तुमचा दीर,
जकमारा

•

मलगा टँक
९ ऑगस्ट १९९२

प्रिय भावोजी यांस,
नपलजारीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. कुत्र्याचं वाचून मी तोंड दाबून हसले, आणि मग हसले म्हणून रडले. माझ्या बहिणींनी हातांनी विचारलं की काय झालं, तर कुत्रा कसा सांगावा ते मला सुचेना.

तुम्ही मात्र कमाल केलीत. ती पोर दक्षिणेतून आलेली, तिला काय कळणार? तुम्ही इथेच म्हातारे झालात ना? नाव झोपलंय, उठलं की सांगतो, एवढं बोलायला काय झालं होतं? लहानपणापासून तुम्ही असेच. अर्धं मनात बोलायचं आणि समोरच्याने पूर्ण ऐकलं असं धरून चालायचं. तुमचे भाऊ नेहमी म्हणायचे की याच्याशी बोलायचं तर याच्या डोक्यात जाऊन बसावं लागतं.

नावाचं विचारलंत. नाही. माझं रडणं अजून पुरं झालेलं नाही. ते नाव मोकळं केलं की ते खरोखर गेले, मग मला दुसरं काही करायचं उरत नाही. रस्त्याला घाई आहे म्हणून मी घाई करू का? रस्ता काय, कोणाच्याही दारातून जायला तयार असतो.

पण नाव बंद आहे म्हणून तुमचे हात बंद नाहीत. कुंडातला गाळ कोणी काढला का? मला खात्री आहे, कोणी काढला नसेल. तुमचे भाऊ दर थंडीत काढायचे. तुम्ही सगळ्यांना घेऊन जा. गाळ काढा, कपारीपुढचं गवत उपटा, धूर करा, चहा ठेवा आणि बसा. खडकावर बसायला नाव लागत नाही. लोरेटाला सावलीत बसवा आणि तिच्यावर ओरडू नका, तुमच्या ओरडण्याने बाळ आतच राहील.

खोकल्याचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे तो आहे. पाला उकळून घ्या.
माया आहे तशीच आहे. ती बोलत नाही एवढंच.
तुमची वहिनी

•

टर्की बोअर
१८ ऑगस्ट १९९२

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमची बोलणी खाल्ली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घेऊन खडकावर गेलो. गाळ काढला. खाली पाणी आहे, वहिनी, थंड आणि गोड. मेलेला एक पोपट आणि स्टावरोसच्या दुकानातल्या बाटल्या निघाल्या. कपारीतली चित्रं जशीच्या तशी आहेत, फक्त गांधीलमाश्यांनी एका कोपऱ्यात मातीचं घर केलंय. त्याला मी हात लावला नाही. दादा कसा काढायचा ते आठवेना.

आता आम्ही रोज तिथे बसतो. रस्त्याच्या लोकांचा मुकादम आला, क्लेम नावाचा, लाल मानेचा. तो म्हणाला की म्हाताऱ्या, ही सरकारी जमीन आहे, सरकारी म्हणजे सगळ्यांची, तुझ्या एकट्याची नव्हे, चल ऊठ. मी म्हटलं, बरोबर आहे, सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांत मी धरलेला असेन तर मी माझ्या वाट्यावर बसलोय, तुझ्या वाट्याला धक्का लावलेला नाही. त्यावर लोरेटा म्हणाली की बाळाचा वाटाही आहे आणि ते रोज वाढतंय. क्लेम हसला. चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेला घेऊन आला. पण यंत्रही आलं. मलगाच्या झुडपांत पिवळं धूड उभं आहे, त्याचे दात कपारीकडे तोंड करून. रात्री झोप लागत नाही. वारा सुटला की मला वाटतं, तेच सुरू झालं.

डेलिया परत आली. मी या वेळी अर्धं मनात ठेवलं नाही. सांगितलं की बाई, नाव हरवलेलं नाही, ते झोपलंय, ते माझ्या भावाचंही नाव आहे आणि त्याची बायको अजून मौनात आहे. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाली की मी तुम्हाला वाईट वाटेल असं काही विचारलं असेन तर राग धरू नका. मग ती त्यांच्या लोकांशी भांडलीसुद्धा, असं क्लेम सांगत होता. पण ते तारीख पुढे ढकलत नाहीत. अठ्ठावीसला येणार, आणि टेपवर नाव नसेल तर जागा त्यांच्या लेखी नाहीच.

वहिनी, मी आता नाव मागत नाही. तुम्ही नाही म्हणालात, ते मी ऐकलं. अठ्ठावीसला मी खडकावर बसणार, आणि यंत्र चालू झालं तरी उठणार नाही, गुडघे असेही उठू देत नाहीत. फक्त एक विचारतो, रागावू नका. खडक फुटल्यावर तुमचं रडणं पुरं झालं आणि तुम्ही नाव मोकळं केलंत, तर ते जाईल कुठे?

रागावलात तरी लोभ ठेवूनच रागवावं.
तुमचा दीर,
जकमारा

•

मलगा टँक
२२ ऑगस्ट १९९२

प्रिय भावोजी यांस,
अ. उ. आ.

तुमच्या शेवटच्या ओळीने माझी झोप घालवली. बहिणींना दाखवली, तर त्यांनी हातांनी तुम्हाला काय काय शिव्या दिल्या ते लिहिता येत नाही. पण मग त्या गप्प बसल्या. म्हणजे त्यांचे हात गप्प बसले.

आम्ही ठरवलं आहे. मी टपालाच्या ट्रकने येते, बहिणी बरोबर आहेत. माझं तोंड उघडायचा विधी आम्ही तिथेच कुंडापाशी करू, ते जन्मले तिथे. त्या आलेल्या लोकांना वाट बघू दे, आम्ही इतके दिवस त्यांच्या रस्त्याची वाट बघितली.

गोष्ट मी हातांनी सांगेन, तुम्ही माझे हात बघून मोठ्याने बोला. नाव आलं की तुम्ही थांबायचं. ते माझं काम आहे. त्यांचं दुसरं नाव, कुत्र्याचं, ते अजून बंदच राहील.

खुर्ची मांडू नका. कांगारूचं शेपूट निखाऱ्यात पुरून ठेवा, प्रवासाने भूक लागते.
तुमची वहिनी

•

टर्की बोअर
२७ सप्टेंबर १९९२

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पुन्हा उशीर. या वेळी कारण चांगलं आहे, पुढे लिहितो. तुमचं घोंगडं इथे राहिलं, धुऊन ठेवलंय.

त्या दिवशी तुम्ही खडकाकडे तोंड करून बसला होतात, म्हणून तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. मी गोष्ट सांगत होतो आणि तुमचे हात बघत होतो. गोष्टीतल्या दोन बहिणी पाणी शोधत आल्या, इथे थकल्या, इथे खणलं, असं करत करत तुमचा हात त्या जागी आला आणि मी थांबलो. आलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली, त्यांच्यातला एक घड्याळाकडेही. डेलियाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मला वाटलं, तुमच्याने होणार नाही. मग तुमच्या बहिणींनी तुमच्या ओठांवर पाणी लावलं आणि तुम्ही ते नाव घेतलंत. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. दादा गेल्यापासून तुमच्या तोंडचा पहिला शब्द तोच.

आणि आम्ही सगळे एकदम रडायला लागलो. झालं! टेपवर नुसतं रडणं. टेपवाला घाबरत घाबरत म्हणाला की बाईंनी परत एकदा म्हटलं तर बरं होईल. मी त्याला मारायलाच उठणार होतो, गुडघ्यांनी धरलं. तुम्ही मात्र मागे वळलात आणि इतक्या मोठ्याने म्हणालात, जसं दादा झुडपांत हरवून बसला की तुम्ही त्याला जेवायला हाक मारायचात. वहिनी, माझी मान आपोआप झुडपांकडे वळली. लोरेटाचीही वळली. क्लेमने तेव्हा डोक्यावरची टोपी काढली होती, ते तुम्ही पाहिलं नाही.

उशिराचं कारण हे: निकाल आला. कपार, कुंड आणि भोवतीची जमीन, सगळं राखीव झालं. यंत्र गेलं. खडी पलीकडच्या उघड्या माळावरून काढणार. क्लेम निरोप घ्यायला आला आणि पेला इथेच ठेवून गेला, म्हणाला की माझ्या वाट्यावर राहू दे. आणि लोरेटाला मुलगी झाली, धडधाकट. मी खडकावरून हाक मारली तरी रडते, इतके तिचे कान तेज.

पण एक गोष्ट अडली आहे. खात्याने रस्त्याकडेला पाटी उभी केलीय. त्यावर जागेचं नाव रंगवणार, मोठ्या अक्षरांत. रंगारी आला तेव्हा मी ब्रश धरलेला त्याचा हातच धरला. त्याला म्हटलं, माणूस गप्प बसतं, पाटी कशी गप्प बसेल? लोरेटा मुलीला तेच नाव ठेवू म्हणते. ठेवलं, तर ती शंभर वर्षं जगो, पण एक दिवस ती जाईल आणि सगळे नाव बंद करतील, आणि ही पाटी रात्रंदिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत राहील. मी खात्याला कळवलं की पाटीला झाकण हवं, बिजागरीचं, बंद करता येईल असं. फोनवरचा माणूस हसला. मी फोन कानाला लावून उभा राहिलो, पण या वेळी गप्प नाही. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्या उत्तरेकडच्या कुमंजाईसकट. काल झाकण आलं. हिरवं आहे, चांगलं जड आहे, आणि खाली कडी आहे.

तर आता तुम्ही सांगायचं. मुलीला ते नाव चालेल का? आणि आपण दोघे नसू तेव्हा झाकण कोणी लावायचं, किती दिवस, आणि उघडायचं कोणी, हे लोरेटाला तुमच्या तोंडून कळू दे, आता तोंड उघडलंय तर. दादाचं नाव मी इथे पहिल्यांदा लिहितो, अक्षर चुकलं तर सुधारून पाठवा: मिरिंजारा.

रंगाऱ्याला मी पाटी कोरीच ठेवायला सांगितलीय. तो झाडाखाली डबा घेऊन बसलाय आणि रंगावर साय धरायला लागलीय. तेवढ्यासाठी तरी, वहिनी, उलट टपाली कळवा.

तुमचा दीर,
जकमारा