मावळतीला रिकामा झालेला दिवाणखाना

शनिवार, शिरपूर

व्हायोलिन पुन्हा हातात धरू नये, असं वाटतंय. शेठजींच्या दिवाणखान्यात घरचीच माणसं होती. मावळतीचा राग म्हणून आधी मारवा वाजवला, माना डोलल्या. मग माझी स्वतःची नवी रचना सुरू केली आणि खिडकीतलं ऊन तांबूस झालं. शेठजी उठले, मागोमाग सगळेच. दिवस मावळायच्या आत जेवतात ही जैन मंडळी, हे मला लहानपणापासून ठाऊक! काहून विसरले मी? की उठायला त्यांना निमित्तच हवं होतं?

तबल्यावरचा मनोज पुटपुटला, "थांबू नोको, काकू आयकून राह्यल्या."

खरंच, शेठजींच्या काकू एकट्याच डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांच्यासाठी वाजवलं, जीव ओतून. शेवटी एक ओळखीचं भजन वाजवलं, तेव्हा जेवून परतलेल्यांनी ठेका धरला.

निघताना काकूंच्या पाया पडले. "नवं आवडलं का?"

"मले उपास हाय, पोरी. जेवाले उठून काय करू?"

ते तांबूस ऊन डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्या वाशिमला हेच वाजवायचंय. तिथं बसून राहायला कोणाला उपासही नसेल.